केगन यांचं 'ऑफ पॅराडाइज अँड पॉवर': शंभरेक पानं, पण दमदार

2003 सालचं पुस्तक, पण युक्रेन युद्धानंतर पुन्हा काढून वाचावं असं. 2024 पर्यंत वॉशिंग्टन पोस्टमध्ये स्तंभ लिहिणारे रॉबर्ट केगन मुद्द्यालाच हात घालतात: अमेरिका आणि युरोप धोक्याकडे वेगळ्या नजरेने का बघतात? समजा, जंगलात अस्वल मोकाट आहे. नुसता चाकू असलेला माणूस गप्प पडून राहतो, बंदूकवाला शिकारीला निघतो. युरोप चाकूवाला, अमेरिका बंदूकवाली. हे पान मी बीएच्या मुलांना दरवर्षी वाचून दाखवते, वर्ग हमखास पेटतो.

2003 च्या इराक युद्धाला पाठिंबा देणारा त्यांचा सूर मात्र मला अजिबात पटत नाही. तिथे संहारक अस्त्रं सापडलीच नाहीत. बंदूक हातात असली की नसलेलं अस्वलही दिसतं. 2022 मध्ये चाकूवाल्या युरोपातल्या जर्मनीनेच शस्त्रांसाठी 100 अब्ज युरो काढले, तेव्हा नवी आवृत्ती हवीच. केगन ज्यांचा आधार घेतात ते तत्त्वज्ञ, म्हणजे बळाला महत्त्व देणारा हॉब्ज आणि कायद्याने शांतता येईल म्हणणारा कांट, थोडे ठाऊक असतील तर जरूर घ्या.