‘चारचौघी’, यावेळी लेकीबरोबर

‘चारचौघी’ हे नाटक पहिल्यांदा पाहिलं ते १९९१ मध्ये, आईबरोबर. वंदना गुप्ते थोरली मुलगी विद्या होत्या, दीपा श्रीराम नाटकातली आई. परतताना आई नाटकाबद्दल चकार शब्द बोलली नाही. दाराशी चपला काढताना एवढंच म्हणाली, “मेथी निवडायची राहिलीय.” नाटकातल्या धाकट्या विनीला दोन तरुण आवडतात आणि तिला दोघांबरोबर राहायचंय, हे काही माझ्या आईच्या पचनी पडलं नसावं.

लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांनीच २०२२ मध्ये नव्या संचात आणलेलं नाटक पाहिलं ते लेक आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलासोबत. लग्न केलेलं नाही त्यांनी. तो मला काकू म्हणतो. मी त्याला जावई म्हणायचं का, ते अजून ठरायचंय.

आताच्या विद्या मुक्ता बर्वे, त्यांच्या फोनच्या प्रवेशासाठी पुन्हा तिकीट काढेन. पलीकडचा नवरा आशिष ना दिसत, ना ऐकू येत. विद्या कुठे थांबते, कुठे अडखळते, त्यावरून त्याची उत्तरं आपणच भरायची. नेमका तेव्हाच मागच्या रांगेत मोबाइल वाजला आणि गृहस्थ चक्क बोलले, “नाटकाला आलोय, बोल!” नाट्यगृहाचा एसीही आचके देत होता.

रोहिणी हट्टंगडींनी साकारलेली आई म्हणजे विवाहित माणसापासून झालेल्या तीन मुली ताठ मानेने वाढवणारी बाई. पण विनीपुढे तीसुद्धा घडीभर तुमच्या-माझ्यासारखी आई होते. विशीत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा मी पूर्ण विनीच्या बाजूची! विनीची बाजू मांडताना तिसऱ्या अंकात थोडी वादसभा होते, तिथे कात्री चालली असती.

मधल्या मुलीचा, वैजूचा नवरा श्रीकांत कामधंद्याशिवाय बाता मारतो तेव्हा थिएटर खदखदतं. पुरुष जास्तच. माझ्या शेजारचा मुलगा मात्र हसला नाही. चार महिने झाले, त्याची नोकरी गेलीय. लेकीने अंधारातच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी स्टेजकडे बघत राहिले.

मध्यंतरात बटाटेवडे आणायला तोच उठला. लेक पर्स उघडत होती, तिला म्हटलं, “राहू दे, त्याला देऊ दे.” वडे गारढोण होते. तिघांनी मुकाट खाल्ले.

तीन तासांच्या वर चालतं, पुन्हा प्रयोग लागलाच तर शेवटच्या गाडीचा हिशेब करून जा.