लक्स मीटर: कूलरच्या घरात कुंडी कुठे ठेवायची?

‘कमी उजेडात चालतं’ म्हणत नर्सरीवाले झीझी, स्नेक प्लांट किंवा मनी प्लांट हातात देतात. कमी म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. डोळ्यांवरही भरवसा नको, ते अंधाराला सरावतात आणि कोपरा आहे त्याहून उजळ वाटतो. उजेड मोजणारा, पांढऱ्या घुमटीचा साधा डिजिटल लक्स मीटर इथे खरंच कामाला येतो.

घुमटी पानांच्या उंचीवर, खिडकीकडे तोंड करून धरायची. ट्यूबलाइट बंद, पडदे रोजच्यासारखे. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता मोजायचं. मीटरच्या स्क्रीनवर नुसता ‘१’ दिसला, तर उजेड निवडलेल्या रेंजबाहेर आहे. बटण वरच्या रेंजवर न्यायचं.

दिवसभर २५० लक्सच्या खाली असलेली जागा सोडा. तिथे झीझी कित्येक महिने हिरवागार दिसतो, पण तो कंदातल्या साठ्यावर जगत असतो. २५० ते १००० लक्समध्ये झीझी, स्नेक प्लांट, साधा हिरवा मनी प्लांट रमतात. नक्षीदार मनी प्लांटची नवी पानं इथे हिरवीच येऊ लागतात. पीस लिली जगते, फुलं मात्र हजाराच्या वरच.

नागपुरात एकदा मोजून भागत नाही. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, छज्जा त्याला अडवतो, आणि उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन लागतं. त्यात एप्रिलमध्ये खिडकीत कूलर बसला, बाल्कनीला हिरवी नेट लागली, की जानेवारीचा आकडा रद्दीत. म्हणून एक मोजणी डिसेंबरात, दुसरी कूलर बसल्यावर.

मीटर एक गोष्ट सांगत नाही: ओल. कूलरच्या दमट खोलीत, कमी उजेडात कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) कुंडी लवकर सुकत नाही. वरचा थर कोरडा दिसतो, खाली मुळं कुजत असतात. झीझीची कुंडी तळापर्यंत सुकल्यावरच पाणी. आणि कुंडी कूलरच्या थेट झोतात नको. खाऱ्या पाण्याचे तुषार पानांवर पांढरे डाग पाडतात.

अजून एक खोट. लक्स हे माणसाच्या डोळ्यांना जाणवणाऱ्या उजेडाचं माप आहे, त्यामुळे झाडं वाढवायच्या जांभळ्या दिव्याखाली (ग्रो-लाइट) आकडा फसवा कमी येतो.

मोबाइलचं अॅप? त्याला घुमटी नसते, फोन जरा कलला की आकडा बदलतो. दोन जागांची तुलना करायची तर पुरेसं आहे. कुंड्या दोन-तीनच असतील तर मीटरवर पैसे घालू नका. दहा असतील तर घ्या. वापर वर्षातून दोनदाच, तेव्हा मधल्या काळात बॅटरी काढून ठेवा, नाहीतर ती गळून आतल्या पट्ट्या गंजतात.