मराठी श्राव्य पवित्र शास्त्र: बाळाच्या एनआयसीयूतील मुक्कामात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वापरल्यावरचा अनुभव

गरोदरपणाचा तिसावा आठवडा पूर्ण होण्याआधीच आमच्या मुलीचा जन्म झाला आणि दीड किलोलाही न पोचलेले ते बाळ प्रसूतिगृहातून थेट एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेले. आधी फुफ्फुसे उघडी राहावीत म्हणून सर्फॅक्टंट, मग नाकावाटे दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र, मध्येच रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास थांबतो म्हणून दिले जाणारे कॅफीनचे औषध, असा तो क्रम होता. या काळात आणि घरी आल्यानंतरच्या महिन्यांत जे साधन आम्ही जवळजवळ रोज हाताळले, त्याविषयी हे लिहीत आहे. ते साधन म्हणजे मोबाईलवरचे मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्याच्या आणि ऐकण्याच्या अशा दोन्ही रूपांतले. अशी अ‍ॅप बरीच आहेत, त्यांतली बहुतेक विनामूल्य आहेत आणि त्यांचे गुणदोषही पुष्कळसे सारखे असतात, म्हणून आमच्या अ‍ॅपचे नाव देण्याचे कारण दिसत नाही.

आम्ही मूळचे अहिल्यानगरकडचे, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळीतले. घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला छापील पवित्र शास्त्रच उघडले जाते आणि मोबाईलवर वाचण्याला सासूबाईंचा पूर्वी उघड विरोध होता. परंतु त्या विभागात कागद, कापडी पिशवी, बांगड्या, अंगठ्या यांतले काहीच आत नेता येत नसे. कोपरापर्यंत हात धुऊन आणि गाऊन चढवून आत जाताना पुसून घेतलेला मोबाईल तेवढा पारदर्शक पाकिटात नेण्यास परवानगी होती. अ‍ॅप घेतले ते या नियमामुळे. त्यात बायबल सोसायटी ऑफ इंडियाचा, म्हणजे आमच्या उपासनेत वाचला जातो तोच मजकूर होता, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. झोप न झालेल्या माणसाला नवी वाक्ये कळत नाहीत, पण लहानपणापासून कानावर पडलेले वाक्य अर्धे ऐकले तरी पुरते. सोप्या मराठीतले दुसरे भाषांतरही त्यात होते. ते माझ्या यजमानांनी थोडे दिवस वाचून सोडून दिले.

अ‍ॅप उघडले की सर्वांत आधी समोर येते ते ‘आजचे वचन’. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या उपासनेत चिठ्ठी उचलून वर्षाचे वचन घेण्याची पद्धत आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे, त्यामुळे वचन असे हाती येण्याचे आम्हाला नवल नव्हते. मात्र ज्या घरातले मूल काचेच्या पेटीत आहे, त्या घराला भल्या सकाळी आलेली ती एक सुटी ओळ त्या दिवसाच्या निकालासारखी वाटू लागते. अभिवचन आश्वासक असले की रक्ताचा अहवाल चांगलाच येणार असे मनाशी धरले जाते, आणि अहवाल उलटा आला की संशय त्या ओळीवर न जाता स्वतःच्या विश्वासावर जातो. यजमानांनी ती सूचना पहिल्याच आठवड्यात बंद केली. बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये बरीच आत दडवलेली आहे. हे अ‍ॅप रुग्णालयात वापरणाऱ्याने सर्वांत आधी ती शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन.

याच सुमारास नातलगांकडून फुलांच्या चित्रावर छापलेले यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन, सतत येत होते. देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, आशेचे आहेत, असे ते वचन. एके संध्याकाळी प्रतीक्षा-कक्षात सासूबाईंनी तो अध्याय पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचायला घेतला. बंदिवान होऊन बाबेलला नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेले ते पत्र आहे. अकराव्याच्या अगदी आधीच्या वचनात सत्तर वर्षांचा काळ सांगितलेला आहे आणि त्याच्याही आधी घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, असा उपदेश आहे. ‘अगं, हे तर मुक्काम करा म्हणतंय,’ असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी यजमानांनी रुग्णालयाजवळ भाड्याने खोली पाहिली आणि डबा लावला. तोवर आम्ही रोज ‘उद्या-परवा’च्या भाषेत बोलत होतो.

तेव्हापासून आम्ही विषयवार याद्या सोडून पुस्तक ओळीने वाचण्याची योजना निवडली, आणि या अ‍ॅपचा खरा उपयोग मला तेथेच झाला. ‘आजारपण’, ‘चिंता’ अशा शीर्षकांखाली जी स्तोत्रे दिली होती त्यांत दिलासा होता, पण स्तोत्र ८८ नव्हते. ते स्तोत्र आरंभापासून शेवटपर्यंत अंधारातच राहते, शेवटी उजाडत नाही. स्तोत्र १३ अवघ्या सहा वचनांचे आहे आणि पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा विचारलेला आहे. पेटीपाशी उभे राहायला मिळणाऱ्या थोड्या वेळात ते दोनदा वाचून होत असे. तक्रार करायला शास्त्रातच जागा करून ठेवलेली आहे हे मला उपदेशातून ठाऊक होते, पण तिचा आधार वाटला तो त्या दिवसांत.

ओळीने वाचण्याची किंमतही असते. बाळाला जंतुसंसर्ग झाला त्याच आठवड्यात योजनेत २ शमुवेल १२ आले. दावीद राजाचे तान्हे मूल आजारी पडते, तो उपास करून जमिनीवर पडून राहतो, सातव्या दिवशी मूल मरते, आणि मग तो उठून स्नान करतो, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन करतो व जेवतो. शिवाय हे बापाच्या पापामुळे घडल्याचे त्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. यजमान मध्येच थांबले. सासूबाईंनी मात्र वाचन पुरे करायला लावले. पंडिता रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ साली गेली, पुढच्याच वर्षी बाई गेल्या, आणि त्यांनी केलेले शास्त्राचे भाषांतर १९२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावहून प्रसिद्ध झाले, ही हकीकत त्या नेहमी सांगतात. त्यांच्या मते बाईंनी कोणताही अध्याय गाळला नव्हता, मग आपण का गाळावा. नात्यातल्या कोणीतरी ‘घरात काही चुकलं असेल’ असे सुचवून ठेवले होते, त्यामुळे तो अध्याय माझ्या मनात रुतून बसला. रविवारी आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आले तेव्हा मी तो विषय काढला. त्यांनी व्याख्यान दिले नाही, योहान ९ उघडून ऐकायला लावले. पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. अ‍ॅपमध्ये एका अध्यायावरून दुसऱ्यावर क्षणात जाता येते, या सोयीचे कौतुक मला त्या दिवशी वाटले.

पाळकांनी तेलाची बाटलीही आणली होती, कारण याकोबाच्या पत्रातल्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठांनी, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की बाहेरचे तेल आत नेणे परिचारिकांना मान्य होण्यासारखे नव्हतेच. पाळकांनी ती बाटली खिशात ठेवली आणि दाराबाहेर उभे राहून प्रार्थना केली. उपचार आणि विश्वास यांत एक निवडा, असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. तसे सुचवणारे एकदोन निरोप आले, त्यांना उत्तर दिले नाही.

आता ऐकण्याच्या सोयीविषयी. आमच्या अ‍ॅपमध्ये नव्या कराराचे, म्हणजे शास्त्राच्या येशूपासूनच्या दुसऱ्या भागाचे, श्राव्य रूप नाट्यमय आहे, म्हणजे निरनिराळ्या व्यक्तींचे निरनिराळे आवाज आणि मागे संगीत. घरी ते चांगले वाटते. विभागाच्या बाहेर बसून, आतल्या यंत्रांचे इशारे कानावर येत असताना वादळाच्या प्रसंगातला गडगडाट आणि आरडाओरडा ऐकणे मला असह्य झाले. संगीत बंद करण्याची सोय नव्हती. जुन्या कराराचे श्राव्य रूप तर मुळात नव्हतेच, आणि स्तोत्रे हवी होती मला. शेवटी सासूबाईंनी आपल्या मोबाईलवर एकेक स्तोत्र वाचून ध्वनिमुद्रित केले. त्यांत कुकरच्या शिट्ट्या आहेत, भाजीवाल्याची हाक आहे, आणि स्तोत्र ११९ ची १७६ वचने वाचताना त्यांनी मध्ये पाणी प्यायल्याचेही ऐकू येते. सर्वाधिक ऐकली गेली ती ही ध्वनिमुद्रणे.

बाळाच्या पेटीत किंवा पेटीजवळ मोबाईल वाजवू नये, हे इतर पालकांसाठी मुद्दाम लिहिते. एनआयसीयूतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची शिफारस आहे, आणि वचने कितीही पवित्र असली तरी मोबाईलचा आवाज हा आवाजच असतो. बाळाला ऐकवायचे असेल तर आईचा स्वतःचा हळू आवाज पुरेसा आहे. प्रकृती थोडी स्थिरावल्यावर कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणे, सुरू झाली. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा येथे सुरू झालेल्या या पद्धतीचा आता जागतिक आरोग्य संघटनाही पुरस्कार करते. त्या तासांत मी घरात गायली जाणारी गीते गुणगुणत असे. शेजारच्या खुर्चीवरची आई हरिपाठ म्हणत असे आणि तिचा थांबला की माझे सुरू होई, हे ठरवून झालेले नव्हते.

घरी आल्यानंतर उपयोग बदलला. रात्रीच्या दुधाच्या वेळी काळ्या पार्श्वभूमीवर मोठी अक्षरे ठेवून एका हाताने वाचता येते, नेट नसतानाही मजकूर उघडतो, ठरावीक वेळाने ध्वनी आपोआप बंद होतो. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीला, म्हणजे आरओपीसाठी, जाताना ताटकळणे फार होते, तेथेही ते कामी आले. ध्वनीच्या धारिका (फाइली) मात्र मोबाईलमधली बरीच जागा खातात, आणि कुठवर ऐकले याची खूण अधूनमधून पुसली जाते. शोधण्याच्या चौकटीत नावाचा एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला की काहीच सापडत नाही. हा दोष मराठीच्या बाबतीत अजून का राहावा, हे मला कळत नाही.

ज्यांचे मूल विभागात आहे त्यांनी हे अ‍ॅप जरूर घ्यावे, पण ‘आजचे वचन’ बंद करून घ्यावे, आणि घरातल्या ज्या माणसाचा आवाज बरा वाटतो त्याच्याकडून स्तोत्रे मुद्रित करून घ्यावीत. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांनी आधी पुस्तकांची यादी पाहावी, कारण आमच्या अ‍ॅपमध्ये ६६ पुस्तकांचेच शास्त्र आहे आणि कॅथलिकांच्या शास्त्रात त्याहून जास्त पुस्तके असतात. बाळ आता बरे आहे, तपासण्या चालू आहेत. आमची योजना १ इतिहासाच्या आरंभीच्या वंशावळ्यांत पोचली आहे, तेथे नऊ अध्याय बहुतांशी नावेच आहेत, आणि सासूबाई त्यांतलेही एक नाव गाळू देत नाहीत.