टीएसलर्न : मागांच्या 400 वीजमीटरचे गट पाडायला वापरलं, 5 पैकी 4 स्टार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत मागांना विजेचे मीटर बसवलेत, एकूण 400, दर 15 मिनिटाला एक रीडिंग, म्हणजे एका मागाचे दिवसाला 96 आकडे. मालकांना एवढंच हवंय की कुठले माग एकसारखे चालतात आणि कुठला वेगळा वागतो. त्यासाठी तीन महिने टीएसलर्न वापरतोय, पायथॉनची लायब्ररी आहे, फुकट आहे, आणि मला मनापासून आवडली.

साध्या अंतराने, म्हणजे दोन मागांचे त्याच त्या वेळचे आकडे ताडून, इथं भागत नाही. एक माग 7 ला चालू झाला दुसरा साडेसातला, ग्राफ तोच फक्त सरकलेला, तरी ते एकमेकांपासून लांब दिसतात. डीटीडब्ल्यू (डायनॅमिक टाइम वॉर्पिंग, दोन ग्राफ ताडायची पद्धत) वेळ ताणून आवळून जुळवतं त्यामुळे गट एकदम बरोबर पडतात, पण वेळ लई खातं. 400 मागांच्या जोड्या 79,800, आणि एका जोडीला 96 गुणिले 96 म्हणजे 9,216 घरांचा तक्ता भरायचा, 30 दिवसांची सलग सिरीज (आकड्यांची रांग) दिली तर तीच घरं 82 लाखांच्या वर जातात! म्हणून साकोए-चिबा पट्टा लावाच, म्हणजे तक्त्यातली कर्णाजवळचीच घरं भरायची, 1978 ची युक्ती आहे पण अजून सोनं आहे. रेडियस (पट्ट्याची रुंदी) 4 रीडिंग ठेवला की तासाभरापुरतंच सरकायची मुभा मिळते आणि घरं साडेआठशेच्या आसपास येतात.

के-शेप (गट पाडायची दुसरी पद्धत) पण यातच मिळतं, 2015 चं, एफएफटी या झटपट गणिताच्या युक्तीमुळे खूप फास्ट. मात्र ते अख्खी सिरीज सरकवून जुळवतं, त्यामुळे दिवसपाळी आणि रातपाळीचे माग एका गटात जाऊ शकतात, माझ्या कामाला ते चालत नाही. शिवाय सगळ्या सिरीज एकाच लांबीच्या लागतात, आणि आपल्याकडं लाईट गेली की रीडिंग गळतातच, ते आधी भरून घ्यावं लागतं. एक स्टार यासाठी कापला.

नॉर्मलाइझ करायला, म्हणजे सगळ्या मागांचे आकडे एकाच मापात आणायला, विसरू नका. त्याआधी गट नुसते मोठा माग, छोटा माग असेच पडत होते. केल्यावर एक जुना माग एकटाच बाजूला पडला, जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांची रेघ खाली येते, याची जेमतेम उतरत होती. जाऊन बघितलं तर माग बंद, कामगार भाकरी खायला बसलेले आणि मोटर तशीच फिरतेय. मालकाने त्याच दिवशी वायरमन बोलावला.

मीटर हजारोंनी असतील तर सगळ्या जोड्यांच्या नादाला लागू नका, टीएसलर्नच्याच के-मीन्समध्ये (प्रत्येक माग फक्त गटांच्या सरासरीशी ताडायची पद्धत) डीटीडब्ल्यू आणि पट्टा दोन्ही लावता येतात, आणि आधी 20-25 मीटरवर चालवून ग्राफ डोळ्यांनी बघा.