आर्क एन्काउंटर, केंटकी: सुतारकामाला पाच तारे, बाकीचं खाली वाचा

सिनसिनाटीहून दक्षिणेला गाडीने तासाभरात विल्यम्सटाउन येतं. २०१६ साली इथे बायबल शब्दशः खरं मानणाऱ्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या ख्रिस्ती संस्थेने नोहाचं तारू उभं केलं, म्हणजे बायबलातल्या प्रलयात नोहाने माणसं-प्राणी वाचवले त्या जहाजाची प्रतिकृती. ५१० फूट लांब, ८५ रुंद, ५१ उंच. मापं बायबलात दिलेल्या हातांवरून काढलेली. गाडी लावायची आणि त्यांच्या बसने तारवापर्यंत जायचं. समोर आल्यावर माणूस आ वासतोच, मीही वासला. बांधकामावर आमिश कारागीर होते आणि आतल्या खांब-तुळयांचे जोड हात फिरवून बघावेत असे आहेत. मागच्या अंगाला मात्र लिफ्ट, जिने आणि स्वच्छतागृहं असलेली इमारत चिकटवली आहे, म्हणजे हे तारू तरंगणार नाही.

आत तीन मजले. पिंजरे, मडकी, धान्याची पोती, पाण्याची सोय, शेण बाहेर काढायची यंत्रणासुद्धा. पिंजऱ्यांत डायनासोरही आहेत, लहान वयाचे, म्हणजे जागा कमी लागते! ही म्हणाली, "आपल्या मनूला ओढायला मासा तरी होता, इथे सगळं या म्हाताऱ्यावरच पडलंय."

माझी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. दगड दिसला की त्याचं वय विचारायची खोड आहे, त्यामुळे मी पाट्यांपाशीच रेंगाळलो. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची आणि प्रलय ख्रिस्तपूर्व २३४८ च्या आसपास, असा यांचा हिशेब. खुफूचा पिरॅमिड त्याच्याही दोनेकशे वर्षं आधीचा. तो बुडाला कधी, आणि लगेच तीच भाषा, तीच लिपी वापरणारे इजिप्शियन परत आले कुठून?

खरी गंमत 'प्रकारां'ची. आजच्या सगळ्या जाती तारवात मावत नाहीत, म्हणून सुमारे १,४०० प्रकार आणि सात हजारांच्या आत प्राणी घेतले. मांजराचा एकच प्रकार. वाघ, सिंह, चित्ता, घरातली मनी ही सगळी प्रलयानंतरची त्याचीच पिलावळ. चार हजार वर्षांत! डार्विनलाही इतकी घाई नव्हती. उत्क्रांती खोटी ठरवायला बसलेल्यांना ती अशी भरधाव पळवावी लागते, आणि पाटीवर याला उत्क्रांती म्हणायचं नाही.

इथवर म्हणाल, ज्याची त्याची श्रद्धा, तिकीट काढून बघा. माझंही तेच म्हणणं असतं, पण पैशाचा मामला वेगळा आहे. २०१३ मध्ये विल्यम्सटाउन शहराने या प्रकल्पासाठी ६ कोटी २० लाख डॉलरचे रोखे काढले. ते फेडायची जबाबदारी शहरावर नाही, हे खरं. पण फेडीसाठी प्रकल्पाच्या मालमत्ता कराचा मोठा हिस्सा वळवला जातो आणि तिथल्या कामगारांच्या पगारातून २ टक्के कापले जातात. कामावर लागायचं तर संस्थेच्या श्रद्धापत्रावर, म्हणजे तिच्या धर्मश्रद्धा मला मान्य आहेत अशा कागदावर, सही लागते. यावर बोट ठेवून राज्याने पर्यटनाची विक्रीकर सवलत (१ कोटी ८० लाख डॉलरपर्यंत) अडवली, तर २०१६ मध्ये संघीय न्यायालयाने निकाल तारवाच्या बाजूने दिला. कायद्याने बसत असेलही. पण सही न करणाऱ्या केंटकीकराच्या वाट्याला इथली नोकरी नाही, आणि विक्रीकराचे पैसे त्याच्याही राज्याचे, हे माझ्या पचनी पडत नाही.

सृष्टी देवाने थेट घडवली असं सांगणारा हा सृष्टिनिर्मितीवाद सरकारी शाळांतून १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाहेर काढला. पुढे 'बुद्धिमान रचना' (जीवसृष्टीमागे कुणीतरी बुद्धिमान रचनाकार आहे, हा दावा) असं नाव घेऊन आला, तेव्हा २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या खटल्यात पुन्हा हरला. वर्गात बंदी, म्हणून आता तो जत्रेतून शिकवला जातो, आणि जत्रेला परीक्षा नसते.

जेवणाची जागा प्रशस्त, रस्ते व्हीलचेअरला सोयीचे, वागणूक सगळ्यांची गोड. लहान मुलांना उंट वगैरे आवडतील.

दिवस हाताशी असेल तर सिनसिनाटीच्या उत्तरेला शॅरनव्हिलचं ट्रॅमल फॉसिल पार्क बघा. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ उघडा पडलाय. शिंपले, ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे चिमुकले सागरी जीव) यांचे जीवाश्म पायाखाली सापडतात, आणि सापडलेलं घरी न्यायची मुभा आहे. तिकीट नाही. सावलीही नाही, टोपी न्या.