आठ इंची डॉबसोनियन, नागपुरात दिवाळी ते मे: वापरानंतरचा अनुभव

२०२५ च्या दिवाळीत आठ इंची डॉबसोनियन, म्हणजे हाताने फिरवायच्या साध्या बेसवरचा आरशाचा टेलिस्कोप घेतला, आता मे संपत आला, आणि बरेच जण विचारून राहिले की काय दिसते, घ्यावा का, पैसे वसूल होतात का, तर एकदाच सगळं लिहून टाकतो. घ्या. पण नेटवरच्या फोटोत दिसते तसं रंगीबेरंगी बघायला मिळेल म्हणून घेऊ नका. इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालं की या दुर्बिणीची खरी मजा चित्रात नाही, वेळेत आहे. काय दिसलं याच्यासोबत किती वाजता दिसलं हे वहीत लिहायला लागलो तेव्हापासून ती माझ्यासाठी वेगळीच वस्तू झाली.

आधी सामानाचं सांगतो. आरसा २०३ मिमीचा, फोकल लेंथ १२०० मिमी, सोबत २५ आणि १० एमएमचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं येतात, म्हणजे ४८ पट आणि १२० पट. २५ चा आयपीस मस्त आहे, १० चा कामचलाऊ. मी नंतर ६ एमएमचा वेगळा घेतला, त्याने २०० पट होते, आणि ग्रहांसाठी आता तोच लावलेला असतो. बेस खाली लाकडी फिरता, मोटर नाही, बॅटरी नाही, हाताने ढकलायचं. २०० पटीला गुरू अर्ध्या मिनिटात नजरेबाहेर सरकते, सुरुवातीला जीव जाते, पण एकदा हाताला सवय झाली की ढकलतोय हे लक्षातही येत नाही. वजन वीस किलोच्या वर आहे, आमच्याकडे लिफ्ट नाही, त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर न्यायचं तर दोन खेपा लागतात, आधी बेस मग ट्यूब. पाठीचा त्रास असेल तर सहा इंची बघा, खरंच सांगतो. ज्या दुकानातून ऑनलाइन मागवला त्यांनी फाइंडरच्या, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू पाठवलाच नाही आणि फोनवर नुसतं उद्या-परवा केलं, शेवटी इथल्याच हार्डवेअरच्या दुकानातून मापाचा आणला. आणि कॉलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणणं, हे शिकावंच लागते. गच्चीवर नेताना थोडा धक्का लागला की बिघडते, पण पाच मिनिटाचं काम आहे, घाबरू नका.

नागपूरच्या आकाशाचं काय सांगू. हिवाळा एक नंबर, डिसेंबर-जानेवारीत हवा शांत असली तर गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसतात, मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले चार तारे वेगवेगळे सुटतात. उन्हाळ्यात मात्र स्लॅब दिवसभर तापलेला असते, रात्री अकरापर्यंत त्यातून गरम हवा वर येत राहते आणि आयपीसमध्ये ग्रह नुसता थरथरते. माझा उपाय एवढाच की संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारायचं, दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवायची आणि बाराच्या नंतर बसायचं. जे लवकर मावळते त्याला इलाज नाही. शहरातल्या उजेडात आकाशगंगा वगैरे विसरा, ग्रह, चंद्र आणि जोडतारे बघा, त्यांना उजेडाने फरक पडत नाही.

शनीबद्दल आधीच सांगून ठेवतो कारण यावरूनच लोक नाराज होतात. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेवरून दिसायची स्थिती आली होती, नोव्हेंबरातही ती उघडली नव्हती, त्यामुळे मोत्यात सुई ओवल्यासारखा शनी दिसायचा. घरी आलेले पाहुणे म्हणायचे, कडी कुठाय? मला उलट तेच बघायचं होतं. लाख लाख किलोमीटर पसरलेली कडी, पण जाडी एवढी कमी की कडेने बघितली तर जवळपास गायब, हे स्वतःच्या डोळ्याने बघायला पंधरा वर्षांतून एकदा मिळते. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली दिसेल.

आता मुख्य गोष्ट, गुरूचा चंद्र आयओ. गुरू १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्याच्या बरोब्बर समोर. त्यानंतर गुरूची सावली आपल्या बाजूने तिरपी दिसायला लागते आणि आयओ त्या सावलीतून बाहेर येताना पकडता येते. तुम्ही गुरूच्या बाजूच्या काळ्या रिकाम्या जागेकडे बघत बसता, तिथे काहीच नसते, मग एक शंका येते की काहीतरी आहे का तिथे, मग बारीक टिंब, आणि तीन-चार मिनिटात ते बाकीच्या चंद्रांएवढं झगझगीत. हे हळूहळू नाही होत, बघता बघता होते. माझी पुतणी सोबत असली की तिची नजर माझ्याहून तेज, ती आधी ओरडते, "काका, निघाला!" आणि मी मोबाइलवरची सेकंदासह वेळ लिहून घेतो.

याच वेळा लिहून ओले रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये पॅरिसला सांगितलं होतं की प्रकाशाला यायला वेळ लागते. आयओचं ग्रहण, म्हणजे गुरूच्या सावलीत जाणं, दर साडेबेचाळीस तासांनी होते, पण पृथ्वी गुरूपासून दूर जायला लागली की ग्रहणं हिशोबापेक्षा उशिरा यायला लागतात, कारण तो प्रकाश जास्त अंतर कापून येतो. रोमरने पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला २२ मिनिटं धरली होती, खरं उत्तर साडेसोळा मिनिटांच्या थोडं वर आहे, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घड्याळांवर हे काढलं यार. मी फेब्रुवारीच्या सुरुवातीची नोंद धरून पुढचे फेरे मोजत एप्रिलच्या शेवटापर्यंत आलो, हिशोबाने आठ-नऊ मिनिटांचा उशीर यायला पाहिजे, आणि माझ्या वहीत काही मिनिटांचा उशीर स्पष्ट दिसून राहिला होता. ग्रहणाच्या वेळांच्या तयार तक्त्यांशी ताडू नका बरं का, त्यात प्रकाशाचा वेळ आधीच धरलेला असते, फेरे स्वतः मोजायचे. त्या रात्री मला झोप आली नाही. स्वतःच्या गच्चीवरून प्रकाशाचा वेग पकडला होता!

आणि इथून मी पल्सारकडे, म्हणजे गिरक्या घेत नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या मेलेल्या ताऱ्यांकडे वळलो. एप्रिल-मे मध्ये कन्या राशीत चित्रा छान वर असते, त्याच राशीत पीएसआर बी१२५७+१२ नावाचा पल्सार आहे. तो या दुर्बिणीतून दिसत नाही, दहापट मोठ्या दुर्बिणीतूनही दिसणार नाही, त्याचे फक्त रेडिओ ठोके ऐकता येतात. मेलेल्या ताऱ्याचा गाभा, वस्तुमान सूर्यापेक्षा जास्त आणि आकार साधारण वीस किलोमीटर, म्हणजे नागपूर शहरावर ठेवला तर शहर झाकलं जाईल एवढाच, आणि हा सेकंदाला १६० च्या वर गिरक्या घेते. त्याचे ठोके कधी एक-दीड मिलिसेकंद आधी, कधी तेवढेच उशिरा येतात असं आढळलं, कारण त्याच्याभोवती ग्रह फिरतात आणि ते त्याला थोडं इकडे तिकडे ओढतात. वोल्शचान आणि फ्रेल या खगोलशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये हे जाहीर केलं, आपल्या सूर्यमालेबाहेरचे पहिले पक्के ग्रह ते हेच, कोणी डोळ्याने बघितलेले नाहीत, फक्त घड्याळ लावून सापडलेले. रोमरची युक्ती आणि ही युक्ती मुळात एकच आहे, ठोका हिशोबापेक्षा उशिरा आला तर मधलं अंतर वाढलं. मला तर हे कळल्यावर चित्राकडे बघण्याची नजरच बदलली.

एक पल्सार मात्र निदान त्याच्या घरापर्यंत जाऊन बघता येते. वृषभेतला एम१, म्हणजे क्रॅब नेब्युला. १०५४ साली चिनी लोकांनी तिथे दिवसाउजेडी दिसणारा तारा नोंदवून ठेवला होता, त्या स्फोटाचा हा पसारा, साडेसहा हजार प्रकाशवर्षं दूर. गच्चीवरून काही दिसला नाही, म्हणून जानेवारीत अमावास्येच्या आसपास देवलापारकडे एका ओळखीच्या भाऊंच्या शेतावर दुर्बीण गाडीत घालून नेली. त्याच पट्ट्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा म्हणून मान्यता मिळाली, आणि तिथलं आकाश बघितलं की काहून मिळाली ते समजते. ४८ पटीला एम१ लांबुळका, फिकट, राखाडी डाग दिसला. रंग नाही, धागे नाहीत. त्याच्या मधोमध बसलेला पल्सार सेकंदाला तीस वेळा चमकते, पण तो सोळाव्या प्रतीपेक्षाही मंद (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका), आठ इंचाच्या आवाक्याबाहेर. तरी मी त्या डागावरून बराच वेळ हटलो नाही, थंडीने बोटं आखडली तरी.

ज्यांना हे पल्सारचं जास्त आवडते त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, गोविंद स्वरूप सरांनी उभं केलेलं काम. तिथल्या पल्सारच्या वेळांच्या नोंदी युरोपियन गटासोबत जोडून जून २०२३ मध्ये अख्ख्या विश्वात घुमणाऱ्या मंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला गेला. पुन्हा तेच, ठोका कधी आला ते लिहायचं.

लहान मुलांसाठी विचारणाऱ्यांना: आधी १०x५० ची बायनॉक्युलर द्या, कृत्तिका आणि चंद्र दाखवा, पोरगं स्वतःहून गच्चीवर जायला लागलं की मग हा घ्या. पावसाळ्यात ट्यूबची दोन्ही तोंडं झाकून आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर आरशाला बुरशी धरते.

आयओच्या नोंदी आता फार तर जूनच्या मध्यापर्यंत मिळतील, जुलैअखेर गुरू सूर्याशी युतीत, म्हणजे आपल्याकडून बघता सूर्यामागे जाते. नोव्हेंबरपासून तो पहाटे चांगला वर दिसेल, तेव्हा आयओ सावलीतून निघताना नाही, सावलीत शिरताना बघायचा, आणि पृथ्वी जवळ जात असल्याने वेळा उलट लवकर यायला पाहिजे. नागपुरात अजून कोणाकडे सहा-आठ इंची असेल तर त्या वेळा दोघांनी वेगवेगळ्या लिहू आणि मग ताडून बघू, फक्त घड्याळ मोबाइलच्या नेटवर्कवर लावलेलं ठेवा.