एका ‘ग्राइप’ची झाडाझडती: एटिमऑनलाइन वापरून पाहताना

मी इंग्रजी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिते. या मालिकांत माणसं प्रेम कमी करतात आणि कुरकुर जास्त. कुरकुरीसाठी इंग्रजीत शब्दही ढीगभर: ग्राइप, ग्राउस, ग्रम्बल, विंज, क्वेच, बीफ, बेलीएक. साधा शब्दकोश उघडला की सगळ्यांसमोर तोच अर्थ: तक्रार करणे. ओळीत जेमतेम चाळीसेक अक्षरं मावतात, त्यात ‘तो तक्रार करतो’ असं प्रत्येक वेळी लिहिलं तर पात्रं माणसं न वाटता ग्राहक मंचातले अर्जदार वाटायला लागतात. शब्द कुठल्या तोंडातून आला, सैनिकाच्या की आजीच्या, हे कळल्याशिवाय त्याचा सूर सापडत नाही. त्यासाठी मी एटिमऑनलाइन ठेवलं आहे. ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हे त्याचं पूर्ण नाव, म्हणजे इंग्रजी शब्द कुठून आणि कधी आले ते सांगणारा इंटरनेटवरचा कोश. फुकट आहे आणि मोबाइलवरही चालतं. पेन्सिल्वेनियातल्या डग्लस हार्पर नावाच्या एका माणसाने ते उभं केलंय, हे पानं चाळताना वारंवार अविश्वसनीय वाटतं.

कोश कसा आहे हे ठरवायला मी एकच शब्द घेऊन त्याच्या मागे लागते. या वेळी घेतला ग्राइप.

क्रियापदाची नोंद आठ-दहा ओळींची. जुन्या इंग्रजीतलं ‘ग्रीपन’, म्हणजे पकडणं, झडप घालणं. जर्मनमधलं ‘ग्राइफन’ त्याचं भावंड. इंग्रजीतला रोजचा ‘ग्रिप’ही त्याच घरातला. मग सुमारे १६०० पासून पोटातल्या कळीसाठी हा शब्द येतो, आणि शेवटी तक्रारीचा अर्थ, पहिली नोंद १९३२. नामाची नोंद वेगळी आहे. तिथे ‘एक तक्रार’ या अर्थाला १९३४ साल दिलंय. मूठ, मग मुरडा, मग कुरकुर. तीन पायऱ्या, आणि पहिल्या दोन पायऱ्यांना तिसरीचा पत्ताही नाही.

मधली पायरी मला फार आवडली. हाताची पकड पोटात कशी शिरली? कोश इथे फार बोलत नाही, पण शेक्सपिअर उघडला की दोन्ही टोकं सापडतात. ‘मॅकबेथ’मध्ये मॅकबेथ आपल्या मुठीतल्या वांझ राजदंडाबद्दल चडफडतो, तिथे मुठीसाठी शब्द ग्राइप. ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मधला पिस्टल मात्र शिव्या घालताना म्हणतो, गिधाडं तुझी आतडी ग्राइप करोत. क्रिया तीच, फक्त मुठीच्या जागी नख्या आणि राजदंडाच्या जागी आतडी. आपल्या ‘मुरडा’ शब्दातही आतडं कोणीतरी पिळल्याची हीच कल्पना आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही उडी मारायला कष्ट पडत नाहीत.

आता ग्राइप वॉटर. तान्ह्या बाळाच्या घरात ज्याने कधी काळ काढलाय त्याला ही बाटली ठाऊक असते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने १८५१ मध्ये ते बनवलं, तेव्हा ग्राइपला तक्रारीचा वास यायला अजून ऐंशी वर्षं होती. बाटलीवरचा ग्राइप म्हणजे बाळाची किरकिर नव्हे, पोटातली कळ. (मूळ मिश्रणात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि अल्कोहोलही होतं. बाळं गप्प का होत असतील, याचा अंदाज बांधायला शब्दकोश लागत नाही.) नाव ब्रिटिश, तक्रारीचा अर्थ मात्र अमेरिकी बोलीतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या तोंडी तो सर्रास होता. म्हणून एखाद्या मालिकेत एकोणिसाव्या शतकातला लंडनकर ‘ग्राइपिंग’ म्हणताना ऐकू आला, तर त्याचं पोट दुखतंय असं तरी समजायचं, नाहीतर पटकथालेखकाने तारखा पाहिलेल्या नाहीत असं.

या कोशाची खरी मजा नोंदीत नाही, दुव्यांत आहे. ग्राइपच्या नोंदीतून बेलीएकवर जाता येतं. सरळ अर्थ पोटदुखी, आणि १८८८ पासून अमेरिकेत कुरकुरणं. म्हणजे पोटातून तोंडापर्यंतचा रस्ता ग्राइपच्या आधीच मळलेला होता. मग क्वेच पाहा: यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आलेला, मूळ अर्थ दाबणं, पिळणं. इंग्रजीत आला तो विसाव्या शतकाच्या मध्याला. ग्राइपचा याच्याशी काही नातेसंबंध नाही, तरी पिळवटणं दोन्हीकडे. आणि ज्याला आपण सभ्य, सरकारी शब्द समजतो त्या ‘कम्प्लेन’मध्ये लॅटिन ‘प्लांगेरे’ आहे: बडवणं, शोकाने ऊर बडवणं. तक्रार अर्जाच्या मथळ्यावर एवढा आकांत दडलेला असेल असं वाटत नाही. अशी पाच-सहा पानं फिरून झाली की या शब्दांचं तापमान कळायला लागतं, आणि माझ्या कामाला तेच लागतं. ग्राइप कोमट आहे. ‘स्टॉप ग्राइपिंग’ला मी ‘पिरपिर बंद कर’ लिहिते. ‘माय ओन्ली ग्राइप’ला मात्र ‘एवढंच खटकतं’ पुरतं, कारण तिथे बोलणारा एरवी खूश असतो. वस्तूंच्या इंग्रजी परीक्षणांत हे वाक्य इतकं येतं की पोटातली कळ त्यातून कधीच निघून गेली आहे.

मला एवढंच खटकतं: साल दिसतं, पण वाक्य बहुतेक वेळा दिसत नाही. १९३२ मध्ये कोण, कुठे, कशावरून कुरकुरला, ते या नोंदीत नाही. आणि ते साल शब्दाच्या जन्माचं नाही, कागदावरच्या पहिल्या पुराव्याचं आहे. बोलीतला शब्द छापला जायच्या आधी तोंडातोंडी फिरलेला असतोच. नवखा वाचक १९३२ हा आकडा जन्मतारखेसारखा पाठ करतो, त्याला हे कोणीतरी आधी सांगायला हवं. वाक्यंच हवी असतील तर ऑक्सफर्डचा मोठा कोश गाठायचा. तिथे प्रत्येक अर्थाखाली तारीखवार उतारे असतात, पण ऑनलाइन पूर्ण वाचायला वर्गणी लागते. मोठ्या ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर तिथून तो उघडतो का, हे आधी विचारून घ्या. जुने छापील खंड हाती लागले तर वेगळीच पंचाईत: पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ मध्ये, पण ‘जी’ अक्षर १९०० च्या सुमारासच हातावेगळं झालं होतं. त्या खंडात मूठ मिळेल, मुरडा मिळेल, कुरकुर मिळणार नाही.

दुसरी बाजूही सांगते. ग्राउस या शब्दाभोवती गोष्ट रचायचा मोह कोणालाही होईल, कारण त्याच नावाचा एक पक्षी आहे आणि ब्रिटनमध्ये १२ ऑगस्टला त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. चिडलेला पक्षी, चिडलेला साहेब, झाली कथा तयार. एटिमऑनलाइन त्या वाटेला जात नाही. १८८५, ब्रिटिश लष्करातली बोली, उगम अनिश्चित, कदाचित जुन्या फ्रेंचमधल्या ‘पुटपुटणे’ अर्थाच्या शब्दाशी संबंध, एवढंच लिहून थांबतं. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९० च्या एका कवितेत नव्या शिपायाला ग्राउस न करण्याचा सल्ला दिलाय, म्हणजे बराकीचा माग बरोबर आहे. ‘कदाचित’ लिहायला न लाजणारा कोश फुकटात मिळतोय, म्हणून वाक्यांच्या उणिवेचा एक तारा कापून पाचपैकी चार देते. उघडलात तर क्रियापद आणि नाम, दोन्ही नोंदी वाचा. वरची एकच वाचून बंद केलंत तर अर्धी गोष्ट तिथेच राहते.